बोटं मोडायची सवय, अडकलेलं बोट आणि वाढलेली शुगर

मी सांगलीत घरीच लेडीज टेलरिंग करते, ब्लाउज, पिको-फॉल, ड्रेसचं फिटिंग वगैरे, आणि बोटं मोडायची सवय मला शाळेपासूनची. कटिंग संपलं की मोड, मशीनवरून उठलं की मोड, आणि एखादं गिऱ्हाईक "पैसे पुढच्या आठवड्यात देते हं" म्हणायला लागलं की हात आपोआपच कामाला लागतात. आधी उजव्या हाताची, मग डाव्या हाताची, शेवटी दोन्ही अंगठे. त्याशिवाय हात मोकळे झाल्यासारखं वाटतच नाही. ज्यांना सवय आहे त्यांना कळेल, ज्यांना नाही त्यांच्या अंगावर काटा येतो. आमच्या सासूबाई दुसऱ्या प्रकारातल्या. "मोडू नकोस गं, म्हातारपणी बोटांत वात भरेल" हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. गंमत म्हणजे माझ्या लेकीची दृष्ट काढताना ह्याच सासूबाई तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर दहाही बोटं कडाकडा मोडतात, आणि जितकी जास्त वाजली तितकी दृष्ट जास्त लागली होती असं वर सांगतात. ते चालतं.

तर गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या ऑर्डरी चालू असताना उजव्या हाताचं अंगठीचं बोट सकाळी अडकायला लागलं. म्हणजे झोपेतून उठून मूठ उघडायला गेलं की बाकीची बोटं उघडायची आणि हे एकच तळहाताकडे वाकलेलं राहायचं. दुसऱ्या हाताने धरून सरळ करावं लागायचं आणि सरळ होताना टक्कन आवाज यायचा, बरं त्यात कळ अशी यायची की डोळ्यात पाणी. गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की जरा सैल व्हायचं आणि मग दिवसभर चालायचं कसंबसं. पुढे पुढे दुपारीसुद्धा अडकायला लागलं, विशेषतः कात्री चालवून झाल्यावर. अस्तराचे दोन-तीन ब्लाउज एकावर एक ठेवून कापले की बोट कात्रीच्या कडीतून बाहेर काढायलाच दुसरा हात लागायचा.

आता बोट, त्यात टक् आवाज आणि सवय जगजाहीर, म्हटल्यावर घरात निकाल लागूनच गेला. सासूबाई म्हणाल्या, सांगत होते. आमचे हे म्हणाले, आई सांगत होती. शेजारच्या वहिनी म्हणाल्या की त्यांच्या मावशीचं पण असंच झालं होतं, बोटं मोडून मोडून. मलाही ते पटलं होतं कारण आवाज खरंच तसाच वाटायचा. मी मोडायचं बंद केलं, म्हणजे प्रयत्न केला, हात बांधून ठेवल्यासारखं व्हायचं, आणि बोट काही सुधरेना. निर्गुडीचं तेल झालं, हळदीचा लेप झाला, मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. मग कुणीतरी नस बसवणाऱ्या एका माणसाचं नाव सांगितलं, तिकडे गेलो, त्याने बघितलं न बघितलं आणि "नस चढलीय" म्हणून बोट धरून असं काही ओढलं की माझ्या तोंडातून शिवी निघायची राहिली. वर दोनशे रुपये घेतले. त्यानंतर आठवडाभर तळहात सुजलेला होता आणि मी त्याच्या नावाने बोटं मोडत होते, खरीखुरी मोडता येत नव्हती म्हणून निदान तेवढं तरी.

लेक पुण्याला फिजिओथेरपीला आहे. तिला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, परीक्षा होती तिची, पण व्हिडिओ कॉलवर तिने हात बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, आवाज नक्की कुठून येतो? बोटाच्या पेरातून की तळहातातून?" मी म्हटलं बोटातूनच की. ती म्हणाली डाव्या हाताचा अंगठा उजव्या तळहातावर ठेव, त्या बोटाच्या मुळाशी, जिथे बोट सुरू होतं त्याच्या थोडं खाली, आडवी रेघ आहे ना तिथे, दाबून धर आणि आता बोट मिटून उघड. केलं. आणि कातडीखाली मसुराएवढं काहीतरी माझ्या अंगठ्याखालून सरकलं, एका जागी येऊन थांबलं आणि मग टक् करून पलीकडे गेलं. इतके महिने मी त्या बोटाला तेल चोळत होते, पेराला, आणि ती गाठ खाली तळहातात बसलेली.

"हे तुझं बोटं मोडणं नव्हे, ही ट्रिगर फिंगर वाटते, डॉक्टरला दाखव," ती म्हणाली. आणि मग तिने ह्या दोन आवाजांतला फरक सांगितला तो मी इथे सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखा गोंधळ बऱ्याच जणांचा होत असणार.

आपण बोट मोडतो तेव्हा हाडावर हाड घासत नाही. सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं, आत वंगणासारखं पाणी असतं, त्यात वायू विरघळलेला असतो, जास्त करून कार्बन डायऑक्साइड. बोट ओढलं किंवा वाकवलं की आतली जागा एकदम वाढते, आतला दाब कमी होतो आणि त्या पाण्यात बुडबुडा तयार होतो. आवाज ह्या बुडबुड्याचा. आता तो बुडबुडा तयार होताना आवाज होतो की फुटताना, ह्यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही म्हणे. 1947 साली लंडनच्या दोन डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं की तयार होताना, 1971 साली इंग्लंडमधल्याच दुसऱ्या तिघांनी सांगितलं फुटताना, 2015 साली कॅनडात एकाचं बोट एमआरआय मशीनमध्ये ओढून चित्रीकरण केलं तर परत तयार होताना असं दिसलं आणि 2018 मध्ये गणित मांडून कुणी म्हणालं की फुटताना, पण अर्धवट फुटताना. एवढी डोकी ह्या कामाला लागलीत हे ऐकून मला तर हसू आलं. पण ह्यातली कामाची गोष्ट ही की एकदा मोडलेलं बोट लगेच परत मोडत नाही, वायू परत पाण्यात विरघळायला साधारण वीस मिनिटं जातात. हे मी स्वतः बघितलंय, संध्याकाळची सिरियल सुरू होताना डाव्या हाताची मोडली तर मधल्या जाहिरातीत कितीही ओढा, वाजत नाहीत, थेट सिरियल संपता संपता वाजतात. करून बघा.

आणि माझं अंगठीचं बोट? ते दर वेळी वाजायचं. लागोपाठ दहा वेळा उघडमीट केली तर दहाही वेळा टक्. दुखायचं. अडकायचं. मोडलेलं बोट उलट मोकळं होतं आणि दुखत तर अजिबात नाही. आधी कुणी सांगितलं असतं तर घरच्या घरी कळलं असतं की ही भानगड वेगळी आहे.

दाखवायला मिरजेला गेलो, आमच्याकडे काही झालं की मिरजच. हाडाचे डॉक्टर, ओपीडीत ही गर्दी, नंबर येईपर्यंत दुपार झाली. डॉक्टरांनी तळहात दाबला, बोट उघडमीट करायला लावलं, म्हणाले ट्रिगर फिंगरच आहे. मग कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं. बोट मिटायला जो टेंडन असतो, म्हणजे स्नायूची दोरी, तो तळहातातून बोटात जातो आणि त्याला जागेवर धरायला मध्ये मध्ये आडव्या पट्ट्या असतात, त्याला ते पुली म्हणाले. पहिली पुली बोटाच्या मुळाशी. ती जाड झाली आणि टेंडनलाही तिथेच फुगवटा आला की आत-बाहेर करताना अडकतं. मी लगेच म्हटलं, म्हणजे परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना गाठ आली की होतं तसं. डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच, आता पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार.

कात्रीचं काम, सतत मूठ आवळून धरायचं काम, ह्याने हे होतं किंवा वाढतं म्हणाले. मी विचारलंच की बोटं मोडल्यामुळे झालं का, घरी सगळे तेच म्हणतायत. ते म्हणाले त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. तरी मी हट्टाने एक्स-रे काढून घेतला, गरज नाही म्हणत होते ते, पण म्हटलं येवढी वर्षं मोडलीत तर सांध्यांतला गॅप बिप बघून तरी घेऊ. फिल्म दिव्यावर लावून दाखवली, सगळ्या सांध्यांत गॅप छान, एकही झिजलेला नाही.

आणि मग ते म्हणाले, "ताई, नमस्कार करा." मला वाटलं झालं, निघा आता. मी पर्स काखेत घेऊन उठले आणि नमस्कार केला. "नाही नाही, बसा, हात जोडलेलेच ठेवा, कोपरं वर, तळवे पूर्ण टेकवा." मी टेकवले. तळवे टेकले, बोटांची टोकं टेकली, पण मध्ये बोटं काही चिकटेनात, कागद आरपार जाईल एवढी फट. माझ्याबरोबर हे आले होते त्यांना करायला लावलं, त्यांचे हात चपटे जुळले. डॉक्टरांनी विचारलं, घरात शुगर कुणाला आहे? माहेरी आईला होती. रात्री लघवीला उठावं लागतं का? लागतं, पण मी म्हटलं रात्रीचा चहा पिते म्हणून. "शुगर कधी तपासलीय?" डिलिव्हरीच्या वेळी.

रक्त देऊन आलो. थायरॉईड नॉर्मल, संधिवाताची टेस्ट निगेटिव्ह, आणि उपाशीपोटी शुगर 156, एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट, 8.1. साडेसहाच्या वर डायबेटीस धरतात. म्हणजे मला डायबेटीस होता, केव्हापासून कोण जाणे, आणि तो समजला कशामुळे तर अडकलेल्या बोटामुळे. डॉक्टर म्हणाले साध्या माणसांत शंभरात दोन-तीन जणांना हे बोट अडकण्याचं दुखणं होतं, डायबेटीसवाल्यांत दहापर्यंत आकडा जातो, आणि एकाच्या जागी दोन-तीन बोटं अडकणं पण त्यांच्यातच जास्त. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की टेंडन आणि आजूबाजूचा पडदा कडक, जाड होत जातो, बोटं पूर्ण सरळ होत नाहीत, म्हणून तो नमस्कार. म्हणून चाळिशी-पन्नाशीचा माणूस बोट अडकतंय म्हणून आला की ते शुगर बघतातच.

मला राग आला खरं सांगायचं तर. शुगरचा नाही, त्या "सांगत होते"चा. आपल्याकडे एखादी सवय सगळ्यांना खुपत असली की काहीही झालं तरी बिल तिच्यावर फाडायचं. गुडघा दुखला तरी बोटं मोडतेस म्हणून, असं म्हणायला पण कमी करणार नाहीत. आणि ते सगळे इतक्या खात्रीने बोलतात की माणूस खरं दुखणं बघायलाच जात नाही.

घरी येऊन मी सासूबाईंसमोर एक्स-रे धरला. त्या म्हणाल्या आत्ता नाही दिसणार, म्हातारपणी दिसेल. लेकीला सांगितलं तर तिने मला त्या अमेरिकेतल्या डॉक्टरची गोष्ट पाठवली, डोनाल्ड उंगर म्हणून, कॅलिफोर्नियातला. त्याला लहानपणी आई, मावश्या-आत्या आणि पुढे सासू, सगळ्यांनी हेच सांगितलं होतं की बोटं मोडलीस तर संधिवात होईल. तर ह्या माणसाने काय करावं, पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, दिवसातून निदान दोनदा, आणि उजवा हात तसाच ठेवला, तुलनेला. म्हणजे कमीत कमी 36,500 वेळा. शेवटी दोन्ही हात तपासले तर दोन्ही सारखेच, संधिवात ह्यातही नाही आणि त्यातही नाही. 1998 मध्ये त्याने हे एका वैद्यकीय मासिकात छापून आणलं आणि 2009 मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, विनोदी वाटणाऱ्या संशोधनाला देतात ते. सासू तिकडे पण हेच म्हणते हे वाचून दाखवल्यावर आमच्या सासूबाई पण हसल्या, म्हणाल्या, म्हणजे सगळीकडच्या सासवा येड्या आणि सुना शहाण्या का.

आता एका माणसाच्या दोन हातांवर काय ठरणार, ते लेकीनेही सांगितलं. पण 2011 मध्ये अमेरिकेत पन्नास ते एकोणनव्वद वयाच्या 215 जणांचे हाताचे एक्स-रे बघितले होते, मोडणाऱ्यांत सांधे झिजलेले शंभरात अठरा आणि न मोडणाऱ्यांत एकवीस-बावीस, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. फक्त 1990 च्या एका अभ्यासात, 300 लोक होते त्यात, मोडणाऱ्यांच्या हाताला सूज जास्त आणि पकड कमी दिसली होती, संधिवात मात्र त्यातही जास्त नव्हता, आणि पुढे लोकांनी परत तपासलं तेव्हा सूज आणि पकडीचा फरक काही सापडला नाही. त्यामुळे अगदी जोर लावून, बोट पिरगाळून मोडू नका, सांध्याच्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून धरणारी पट्टी, दुखावल्याची उदाहरणं आहेत, मोडताना दुखलं किंवा सूज आली तर दाखवा, एवढंच ती म्हणते. बाकी वाजवायला हरकत नाही.

ह्यात एक गोष्ट माझ्या रोज डोळ्यासमोर होती आणि कधी लक्षातच आली नव्हती. सासूबाईंच्या स्वतःच्या बोटांची शेवटची पेरं वाकडी आहेत, नखाच्या खाली कडेला कडक गाठी, तांदूळ निवडताना सुद्धा त्रास होतो. त्यांनी दृष्ट काढण्यापलीकडे आयुष्यात बोटं मोडली नाहीत. लेकीने सांगितलं की ह्या गाठी म्हणजेच सांध्याची झीज, आणि बायकांमध्ये ती बरेचदा आईकडून लेकीकडे येते. विचारल्यावर त्या म्हणाल्या, हो, माझ्या आईची पण अशीच होती. मी पुढे काही बोलले नाही.

उपचाराचं सांगते. आधी शुगरची गोळी सुरू केली, भात कमी, रात्रीचा चहा बंद, संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालणं. बोटाला रात्री स्प्लिंट, म्हणजे झोपेत मूठ वळू नये म्हणून पट्टी, बोट सरळ राहतं. सुरुवातीला झोप लागत नव्हती त्याने, मग सवय झाली, आणि सकाळचं अडकणं निम्म्याने कमी झालं. पण कात्री धरली की होतंच. मग शुगर जरा ताब्यात आल्यावर डॉक्टर म्हणाले इंजेक्शन देऊ, स्टेरॉइडचं, थेट तळहातात त्या गाठीजवळ. स्टेरॉइड म्हटल्यावर मी घाबरले, पण एका जागी थोडंसं देतात, रोज गोळ्या खाण्यासारखं नसतं ते. दुखतं मात्र. तळहाताची कातडी फार नाजूक, सुई गेल्यावर मी ह्यांच्या दंडावर नखं रोवली. आधीच सांगितलं होतं की डायबेटीसवाल्यांची शुगर ह्या इंजेक्शनने चार-पाच दिवस वर जाते, घाबरायचं नाही पण मोजत राहायचं, आणि खरंच दीडशेच्या आसपास असलेली दोनशे तीसवर गेली आणि आठवड्यात परत खाली आली. ज्यांना शुगर आहे त्यांनी हे आधी विचारून घ्या, सगळे डॉक्टर आपणहून सांगतीलच असं नाही.

आठ-दहा दिवसांनी सकाळी मूठ उघडली आणि टक् झालंच नाही. गाठ हाताला लागते अजून थोडी पण सरकते. डायबेटीस असला की इंजेक्शनचा गुण साध्या माणसापेक्षा कमी येतो आणि पुन्हा अडकू शकतं, तसं झालं तर अजून एकदा इंजेक्शन आणि नाहीच तर छोटं ऑपरेशन, जागा बधिर करून ती पुली कापतात, त्याच दिवशी घरी. तयारी ठेवलीय मनाची.

मधल्या मधे आमच्या ह्यांचं पण एक प्रकरण निघालं. हे सलूनमध्ये दाढी झाली की मान मोडून घेतात, दोन्हीकडे, कट् कट्, आणि बोटांचं काही होत नाही म्हटल्यावर ह्यांना जोरच आला, बघ म्हटलं मानेचं पण काही होत नसणार. लेक फोनवरून ओरडलीच. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या शिरा जातात, झटका देऊन मान फिरवली तर शिरेला आतून चीर पडू शकते आणि तिथे गाठ होऊन पॅरालिसिस होऊ शकतो, क्वचित होतं पण होतं, तरण्याताठ्या माणसाला पण. बोटात अशी कुठली शीर नाही म्हणून बोटाचं चालतं. तेव्हापासून हे सलूनमध्ये बसल्या बसल्याच सांगतात, मान नको, डोकं चोळा नुसतं.

काम थोडं बदललंय. जुनी लोखंडी कात्री जड होती, माझ्या आईची, ती ठेवून दिली आणि हलकी घेतली, स्प्रिंगवाली, आपोआप उघडते म्हणून बोटाला फक्त दाबायचं काम. एका वेळी एकच कापड कापते, वेळ जातो पण काय करणार. बोटं मोडतेच, ते एक अंगठीचं सोडून. अस्तराचे ब्लाउज लग्नसराईपर्यंत घेणार नाही असं सगळ्यांना सांगितलंय, पिको-फॉल मात्र चालू आहे.